बोधचिन्ह : रेषा संगणकाची, विवेक शिक्षकाचा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे लेखरूप)

आजच्या व्याख्यानाचा विषय काहीसा वेगळा आहे. शाळेतील एखादा शिक्षक संगणकावर बोधचिन्ह रेखाटावयास शिकतो, तेव्हा तो नेमके काय शिकतो, याचा येथे विचार करावयाचा आहे. वरवर पाहता हा विषय तांत्रिक वाटेल. परंतु शाळा, वसतिगृहे आणि ग्रंथालये चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

ओळख पटविणारी खूण

मंदिरात ओळीने विराजमान असलेल्या तीर्थंकर-प्रतिमांचे दर्शन घेताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. पद्मासन तेच, नासाग्र दृष्टी तीच आणि मुखावरील शांत भावही तोच. मग अमुक प्रतिमा ऋषभदेवांची आणि तमुक महावीर स्वामींची, हे भाविकाने कसे ओळखावे? त्याची दृष्टी आसनाकडे जाते. तेथे वृषभ कोरलेला असला की ते आदिनाथ, शंख असला की नेमिनाथ आणि सिंह असला की महावीर. बोटभर आकाराचे लांछन संपूर्ण प्रतिमेची ओळख पटवून देते. त्यासाठी अक्षरओळख असावी लागत नाही. आईचे बोट धरून आलेले बालकही ती खूण सांगू शकते.

बोधचिन्हाची यापेक्षा नेमकी व्याख्या शोधूनही सापडणार नाही. सारखे दिसणाऱ्या अनेकांतून एकाला निःसंदिग्धपणे वेगळे दाखविणारी, लहान, सोपी आणि स्मरणात राहणारी खूण म्हणजे बोधचिन्ह.

याच दृष्टीने 1974-75 या वर्षातील एक घटना लक्षणीय ठरते. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व संप्रदायांना मान्य असे एक जैन प्रतीक स्वीकारले गेले. लोकाकाशाची बाह्यरेषा, तिच्या आत वर सिद्धशिलेची चंद्रकोर व बिंदू, त्याखाली तीन बिंदू, स्वस्तिक आणि सर्वांत खाली तळहातावरील चक्र अशी त्याची रचना आहे. घटक अनेक असूनही एका बाह्यरेषेने त्यांना एकत्र बांधून ठेवले आहे. रंग काढून घेतले तरी आकृती ओळखू येते. रेखाटनाचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही शिक्षकाने हे प्रतीक एकदा तरी स्वतःच्या हाताने काढून पाहावे, म्हणजे मोठा आशय मोजक्या रेषांत कसा सामावतो, याची प्रचिती येते.

काम शिक्षकाकडेच का येते

शाळेला पन्नास वर्षे पूर्ण होतात किंवा जुनी शाळा नव्या इमारतीत जाते. बैठकीत बोधचिन्हाचा विषय निघतो आणि सर्वांच्या नजरा चित्रकला शिक्षकाकडे वळतात. फलकलेखन, रंगमंचाची सजावट, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ ही सारी कामे आजवर त्यानेच केलेली असतात. तेव्हा हेही तोच करील, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

असा एक शिक्षक डोळ्यांसमोर आणावा. वय पन्नाशीच्या जवळ आलेले. कला शिक्षक पदविका घेऊन तो सेवेत आला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी त्याने मुलांच्या अनेक तुकड्या तयार केल्या. 2001 मध्ये महाराष्ट्रात एमएससीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर इतर असंख्य शिक्षकांप्रमाणे त्यानेही तो पूर्ण केला. पत्र टंकलिखित करणे, गुणपत्रकाचा तक्ता करणे त्याला येते. पण संगणकावर चित्र काढण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेला नाही.

तो कागदावर सुंदर आकृती काढतो. मुख्याध्यापक तिला पसंती देतात. ती घेऊन तो छापखान्यात जातो, तेव्हा तेथील तरुण चालक विचारतो, “सर, व्हेक्टर फाईल आहे का?”

शिक्षकापाशी या प्रश्नाला उत्तर नसते. येथे दोन मार्ग फुटतात. आकृती त्या तरुणाच्या स्वाधीन करून निघून जावे, हा पहिला. हा मार्ग सोपा आहे. परंतु घाईत काम करणाऱ्या परक्या हाताकडून दिव्याची ज्योत थोडी जाड होते, अक्षराचे वळण बदलते आणि शाळेचे चिन्ह शाळेच्या नकळत दुसरेच काहीतरी होऊन परत येते. स्वतः शिकावे, हा दुसरा मार्ग.

चित्रबिंदू आणि रेषा

शिकण्याचा पहिला धडा म्हणजे संगणकातील चित्रांचे दोन प्रकार समजून घेणे. भ्रमणध्वनीने घेतलेले छायाचित्र किंवा स्कॅन केलेला कागद हा असंख्य सूक्ष्म चौकोनी बिंदूंचा पट असतो. हे बिंदू म्हणजे पिक्सेल. बिंदूंची संख्या ठरलेली असते. चित्र मोठे केले की बिंदूही मोठे होतात. समजा, एखादे चिन्ह 600 बिंदू रुंदीचे आहे. चांगल्या छपाईसाठी इंचाला 300 बिंदू लागतात. म्हणजे ते चिन्ह अवघे दोन इंच रुंद, स्वच्छ छापता येईल. तेच चिन्ह दहा फूट रुंदीच्या फ्लेक्सवर ताणले, तर प्रत्येक बिंदू सुमारे पाच मिलिमीटरचा होईल आणि गोलाईच्या जागी पायऱ्या दिसू लागतील. अनेक समारंभांत व्यासपीठामागील फलकावर संस्थेचे चिन्ह धूसर व कडा तुटलेले दिसते, त्याचे कारण हेच.

व्हेक्टर म्हणजे रेषाधिष्ठित चित्र. त्यात बिंदूंचा पट साठविलेला नसतो. रेषा कोठून निघते, कोठे वळते, किती वळते आणि कोठे संपते, एवढेच गणिती रूपात नोंदलेले असते. आकार बदलला की संगणक ते गणित नव्याने करतो. त्यामुळे अंगठ्याएवढा शिक्का आणि प्रवेशद्वारावरील कमान या दोहोंवर तीच रेषा तितकीच स्वच्छ उमटते.

या वक्ररेषांचा इतिहास मनोरंजक आहे. मोटारींच्या पत्र्याचे वळण अचूक सांगता यावे, यासाठी फ्रान्समध्ये दोघांनी स्वतंत्रपणे ही पद्धत विकसित केली. सिट्रोएन कंपनीतील पॉल दे कास्तेल्जो यांचे काम थोडे आधीचे. रेनॉ कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत प्रकाशात आणली, म्हणून त्या वक्रांना बेझिए वक्र हे नाव पडले. मोटारीच्या कारखान्यात जन्मलेले ते गणित आज शाळेच्या बोधचिन्हातील कमळाची पाकळी वळविते.

हात पुन्हा शिकतो

साधनांची आज वाण नाही. छापखान्यांत कोरलड्रॉ परिचयाचे आहे, व्यावसायिक संकल्पक अ‍ॅडोबी इलस्ट्रेटर वापरतात आणि दोन्हींसाठी पैसे मोजावे लागतात. शाळेच्या दृष्टीने 2003 पासून उपलब्ध असलेले इंकस्केप हे मुक्त सॉफ्टवेअर सोयीचे. ते विनामूल्य असून कायदेशीरपणे कितीही संगणकांवर बसविता येते. कॅनव्हा या साधनाची जन्मकथा तर शिक्षकांना विशेष भावेल. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विद्यापीठात शिकत असतानाच मेलनी पर्किन्स इतर विद्यार्थ्यांना संकल्पनाची सॉफ्टवेअरे शिकवीत. कोणते बटण कोठे आहे, हे समजण्यातच मुलांचा पुष्कळ काळ जातो, हे त्यांनी पाहिले. त्यातून 2007 मध्ये शालेय वार्षिकांके तयार करण्याचे साधन आणि 2013 मध्ये कॅनव्हा निघाले. शिकविणाऱ्या व्यक्तीला विद्यार्थ्यांची जी अडचण दिसली, तिच्यातूनच हे साधन जन्मास आले. शालेय शिक्षकांसाठी त्याची विनामूल्य आवृत्तीही आहे.

तरीही पहिले काही दिवस कठीणच जातात. पेन्सिल धरणाऱ्या बोटांना दाब कळतो; माऊसला तो कळत नाही. हाताने एका झटक्यात येणारी कमान पेन टूलने काढावयाची म्हणजे आधी एक बिंदू, मग दुसरा, मग त्यातून निघणारी दांडी ओढून वळण देणे. नवशिक्या शिक्षक एका पाकळीसाठी वीस-पंचवीस बिंदू देतो आणि पाकळी खडबडीत होते. मग उमगते की, दोनतीन बिंदू योग्य जागी दिले, तर तीच पाकळी नितळ येते. उत्तम वक्राला बिंदू थोडे लागतात. हा धडा कोणतेही पुस्तक न वाचता हाताला समजतो आणि पुढे संपूर्ण चिन्हाला लागू पडतो.

यानंतर आकारांची बेरीज-वजाबाकी येते. दोन वर्तुळे एकमेकांवर ठेवून एकातून दुसरे वजा केले की चंद्रकोर तयार होते. दोन्हींचा सामाईक भाग घेतला की पान तयार होते. भूमितीच्या तासाला फळ्यावर काढलेली वर्तुळे येथे उपयोगी पडतात आणि चित्रकलेचा शिक्षक गणिताच्या शिक्षकाचा हात धरतो.

अक्षरांची अडचण मात्र मराठीपुरती विशेष आहे. एका संगणकावर नीट दिसणारे शाळेचे नाव दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसल्यामुळे विस्कटते. विशेषतः जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जोडाक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. यावर उपाय सोपा आहे. अंतिम फाईलमध्ये अक्षरांचे रूपांतर बाह्यरेषेत करावे आणि दुरुस्ती करता येण्याजोगी मूळ प्रत वेगळी जपावी. फाँट निवडतानाही परवान्याकडे लक्ष द्यावे. मुंबईच्या एक टाइप या समूहाने घडविलेले मुक्त व बालू यांसारखे देवनागरी फाँट खुल्या परवान्याने उपलब्ध असल्यामुळे कोणाचा हक्क न डावलता वापरता येतात.

रंगांचाही एक भ्रम दूर व्हावा लागतो. पडद्यावरील रंग प्रकाशाचे असतात, कागदावरील रंग शाईचे. पडद्यावर झळाळणारा केशरी कागदावर मंद होतो. म्हणून पडद्यावर भुलू नये. छपाईचा नमुना हाती घेऊन मगच रंग निश्चित करावा.

काय वगळावे

तंत्र हातात आले की मोह सुरू होतो. छाया द्यावी, रंगांची झालर लावावी, अक्षरे उठावदार करावीत. एकेका कळीने हे सारे साधते. शिवाय समितीतील प्रत्येक सदस्याची एक सूचना असते. पुस्तक हवेच, दिवा हवाच, उगवता सूर्य, लेखणी, पृथ्वीचा गोल, कमळ, खेळाचे चक्र, स्थापनेचे वर्ष आणि बोधवाक्यही हवेच. सर्वांचे मन राखावयाचे, तर चिन्हाचा बाजार होतो. आणि ज्यात सगळे काही आहे, त्यातले काहीही स्मरणात राहत नाही.

अशा वेळी दोन उदाहरणे उपयोगी पडतात. पहिले कोल्हापूरचे. 2014 मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी देशभरातून बोधचिन्हे मागविली गेली आणि कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे चिन्ह निवडले गेले. स्वच्छतेचा विषय म्हटल्यावर झाडू, कचरापेटी, झाडे, नकाशा असे काय काय काढता आले असते! त्यांनी केवळ गांधीजींचा चष्मा घेतला. एका काचेत ‘स्वच्छ’, दुसरीत ‘भारत’ आणि मधल्या दांडीवर तिरंगा. चेहरा नाही, तरीही गांधीजी आहेत.

दुसरे उदाहरण रुपयाच्या चिन्हाचे. 15 जुलै 2010 रोजी केंद्र सरकारने उदय कुमार यांचे चिन्ह स्वीकारले. देवनागरी ‘र’ आणि उभा दंड काढून टाकलेले रोमन ‘आर’ त्यात एकरूप झाले आहेत. वर शिरोरेषेशी समांतर दुसरी आडवी रेषा आहे. बाजारातील पावतीवर घाईघाईने लिहिले तरी ते बिघडत नाही. त्याच वर्षी युनिकोडमध्येही त्याला स्थान मिळाले. उदय कुमार यांनी आयआयटी मुंबईत अक्षररचनेवर संशोधन केले आणि पुढे आयआयटी गुवाहाटीत संकल्पन विषयाचे अध्यापन स्वीकारले. देशाच्या चलनाला चिन्ह देणारा हातही शिक्षकाचाच आहे.

शाळेच्या चिन्हासाठी तीन साध्या कसोट्या लावाव्यात. एक, ते केवळ काळ्या रंगात छापून पाहावे. रंग गेल्यावर अर्थ गेला, तर रेखाटन कच्चे आहे. दोन, ते एक सेंटिमीटर रुंदीचे करून पाहावे; रबरी शिक्क्यावर, गणवेशाच्या खिशावरील भरतकामात आणि ओळखपत्रावर त्याला त्याच आकारात जगावयाचे आहे. तीन, पाचवीतील मुलांना ते क्षणभर दाखवून झाकावे आणि वहीत काढावयास सांगावे. मुले जे काढतील, तेच खरे चिन्ह. जे विसरतील, ते वगळण्यास हरकत नाही. ही तिसरी कसोटी कोणत्याही मोठ्या संकल्पन-संस्थेपेक्षा शिक्षकाला सहज घेता येते, कारण वर्ग त्याच्या हाताशी असतो.

साधन रेषा सफाईदार करते. कोणती रेषा ठेवावी आणि कोणती सोडावी, हा विवेक शिक्षकालाच करावा लागतो.

दुसऱ्याची रेषा

येथे एक गंभीर मुद्दा उपस्थित होतो. इंटरनेटवर ‘शाळेचे बोधचिन्ह’ असे शोधले की शेकडो चिन्हे समोर येतात. त्यांतील एक उचलावे, नाव बदलावे आणि काम संपवावे, हा मोह बलवत्तर असतो. अचौर्याचे व्रत सांगणाऱ्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याने दिलेली नसलेली वस्तू घेऊ नये, हा नियम रेषेलाही लागू आहे. शाळेच्या प्रवेशद्वारावरच उसनवारीचे चिन्ह झळकत असेल, तर आतल्या वर्गात नक्कल करू नये, हे कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

तयार नमुन्यांबाबतही हे ध्यानात ठेवावे. कॅनव्हासारख्या साधनातील बोधचिन्हांचे नमुने सर्वांसाठी खुले असतात. त्यावर कोणा एकाचा अनन्य हक्क निर्माण होत नाही आणि व्यापारचिन्ह म्हणून त्यांची नोंदणी करता येत नाही. वार्षिक कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी ते चालतील. पुढील पन्नास वर्षांच्या ओळखीसाठी नाहीत. वर्णन टंकलिखित करताच चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आता हाताशी आली आहेत. कल्पना सुचविण्यास त्यांचा उपयोग व्हावा. परंतु ती जे देतात ते बहुधा बिंदूंचे चित्र असते, त्यातील देवनागरी जोडाक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात आणि शाळेच्या अंगणातील वडाचे झाड त्यांनी पाहिलेले नसते.

कायद्याच्याही दोन गोष्टी विश्वस्तांनी लक्षात घ्याव्यात. अशोकस्तंभाचे राजचिन्ह शोभेसाठी वापरता येत नाही. त्यासाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. तसेच 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल, तर नोकरीतील कामाचा भाग म्हणून केलेल्या रेखाटनाचा पहिला हक्क नियोक्त्याकडे असतो. मात्र स्पर्धा घेऊन बाहेरच्या व्यक्तीकडून वा विद्यार्थ्याकडून चिन्ह घेतले असेल, तर हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी करून घ्यावे लागते. कागदोपत्री हक्क संस्थेचा झाला, तरी रेखाटणाऱ्याचे नाव स्मरणिकेत नोंदविणे हे संस्थेच्या कृतज्ञतेचे लक्षण होय.

विद्यार्थी होणारा शिक्षक

या सर्व प्रवासातील सर्वांत मोलाचा क्षण मात्र तंत्राचा नाही. शाळेच्या संगणक कक्षात तो पन्नाशीचा शिक्षक बसलेला आहे. वक्ररेषा जुळत नाही. शेजारी उभा असलेला नववीतला मुलगा म्हणतो, “सर, ही दांडी उलट ओढा.” शिक्षक ओढतो आणि रेषा वळते. त्या क्षणी शिक्षकाचा मान कमी होतो का? ज्याला असे वाटते, तो शिक्षक पुढे काही शिकत नाही. ज्याला असे वाटत नाही, तो एका कृतीतून असा धडा देतो की, जो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही : न येणे ही लाजेची गोष्ट नाही आणि शिकण्याला वय नसते. त्या मुलाने दिलेली दांडी उलट ओढण्याची सूचना आणि शिक्षकाने ती मोकळेपणी मान्य करणे, हे त्या मुलाच्या आयुष्यभर लक्षात राहील.

महाराष्ट्राने असा एक थोर शिक्षक पाहिला आहे. प्राध्यापक र. कृ. जोशी हे टाक आणि शाई यांच्या संस्कारात घडलेले सुलेखनकार. जाहिरात क्षेत्रात काम केल्यावर त्यांनी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक संकल्पन केंद्रात अध्यापन केले. हाताचे अक्षर जाणणारा हा माणूस संगणकापासून दूर राहिला असता, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु भारतीय लिप्या संगणकात सन्मानाने याव्यात, या ध्यासाने त्यांनी ते नवे शास्त्र आत्मसात केले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतून घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा. 2008 मध्ये त्यांचे निधन झाले. मात्र त्यांनी घडविलेल्या अक्षरांतून असंख्य मराठी पत्रे, अर्ज आणि प्रश्नपत्रिका टंकलिखित झाल्या. टाकाने कमावलेले ज्ञान त्यांनी संगणकाला दिले, हेच त्यांचे मोठेपण.

संस्थांचे कर्तव्य

शिक्षकाने एवढे कष्ट घ्यावयाचे, तर संस्थेनेही आपला वाटा उचलावयास हवा. त्याला घाईने आठवड्यात चिन्ह मागू नये. संगणक कक्षात शाळा सुटल्यानंतर तासभर बसण्याची मुभा द्यावी. समितीने आठ सूचना न करता, शाळेविषयी एकच गोष्ट सांगावयाची असेल तर ती कोणती, हे आधी आपसांत ठरवून त्याला सांगावे. चिन्ह तयार झाल्यावर त्याची मूळ फाईल, छपाईसाठी पीडीएफ आणि एसव्हीजी प्रत, केवळ काळ्या रंगातील प्रत आणि रंगांची नोंद असे सारे संस्थेच्या दप्तरात दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन करावे. घटनापत्र आणि मिळकतीचे कागद ज्या काळजीने सांभाळले जातात, त्याच काळजीने ही फाईल सांभाळावी. मग पुढच्या पिढीला छापखान्यात रिकाम्या हाताने उभे राहावे लागणार नाही.

शाळेच्या इमारती जुन्या होतात, रंग उडतात, माणसे निवृत्त होतात. दाखल्यावरचा शिक्का मात्र विद्यार्थ्यासोबत गावोगावी, देशोदेशी जातो. तो शिक्का शाळेला ओळखणाऱ्या, मुलांवर प्रेम करणाऱ्या आणि त्यासाठी उतारवयात पुन्हा विद्यार्थी झालेल्या हाताने रेखाटलेला असावा, याहून मोठे भाग्य संस्थेचे दुसरे नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी सर्व संस्थांच्या अशा शिक्षकांना कृतज्ञतापूर्वक वंदन.